समजा, सहा टोपल्या

कामोठ्यातल्या गणिताच्या क्लासमध्ये माझ्या भाचीला एका उदाहरणात शून्य मिळालं. उत्तर बरोबर होतं. शेरा होता: अंदाज. चूक मान्य असल्याची पालकाची सही आणल्याशिवाय स्कॉलरशिप बॅचमध्ये जागा नाही, असा तिथला नियम. तिची आई कामावर होती, म्हणून पनवेलहून मी गेलो.

उदाहरण असं: निम्मी मासळी बोट आणि जाळ्यांच्या वाट्याला, उरलेल्याचा तिसरा हिस्सा बोट चालवणाऱ्या तांडेलाला, बाकी सोळा टोपल्या खलाशांना. एकूण किती? भाचीने सहा धरल्या. निम्म्या तीन गेल्या, तांडेलाची एक, उरल्या दोन. हव्यात सोळा, म्हणजे आठपट. अठ्ठेचाळीस.

ही रीत माझ्या आईची. करंजाच्या बंदरावर ती असेच वाटे सोडवते. निम्मा आणि तिसरा हिस्सा तुकडे न होता पडेल असा आकडा आधी धरायचा. "सहा धर, मंग बघ," एवढाच तिचा धडा.

"समजा क्ष, असं लिहायला सांगा हिला," सर मला म्हणाले. "बोर्डात अंदाज चालत नाही."

"सर, क्ष समजलं तर चालतं," भाची म्हणाली. "मग सहा समजलं तर का नाही?"

"तू वकील हो."

"होईन. आधी मार्क द्या."

मी सांगितलं, की क्ष बराच नंतर आला. जुन्या गणितींनी बीजगणित वाक्यांत लिहिलं. आपल्याकडे अज्ञात राशींना रंगांची नावं होती. आकडा धरून पट काढणं हा त्यांच्या ग्रंथांतला नियम आहे.

"त्यांना दहावीला बसायचं नव्हतं," सर म्हणाले.

मी भाचीला बाहेर नेलं. क्षची मांडणी तिला येत होती. दोन मिनिटांचं काम.

"मान्य केलं नाही तर बॅच जाईल."

"जाऊ दे, मामा. मान्य करून आजीला काय सांगू?"

वर्तमानपत्रात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. तिचा पेपर पुन्हा तपासला. अठ्ठेचाळीसचे निम्मे चोवीस, त्यातले आठ गेले, सोळा उरले. सहीच्या जागेवरचे 'चूक मान्य' हे शब्द खोडून वर लिहिलं: तपासलं, चूक नाही. खाली सही केली.

सोमवारी बॅचची यादी लागली. तिचं नाव नव्हतं. पुढच्या चाचणीत असंच एक उदाहरण आलं. तिच्या उत्तराची पहिली ओळ होती: समजा, बारा.