सही केली म्हणून

स्टाफरूममध्ये मी चहा देत होते. सरांच्या पुढं कप ठेवला आन् हळूच विचारलं, "सर, हप्त्याचं काय झालं? माझा पगार कापायला लागलेत." सरांनी मान वर केली नाय. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "एक सही केली तर माझ्या बरोबरीची झालीस का तू?"

दोघं-तिघं हसले. मी उरलेले कप वाटले. रडू आलं नाय. काहीच आलं नाय.

मी कॉलेजात शिपाई. नवरा वारला, त्याच्या जागी लागले. सर लासूरकडचे, बागाईतदार घरातले. पतपेढीतून कर्ज काढताना त्यांना पक्क्या पगाराचे दोन जामीनदार पाहिजे होते. एक त्यांचा मेहुणा. दुसरी मी. तेव्हा म्हणाले, "तुम्ही घरच्याच." त्यांच्या गावात आमच्या माणसाला ओसरीच्या वर कुणी घेत नाय. तो शब्द मला लई मोठा वाटला. सही केली.

सरांनी हप्ते थांबवले. पतपेढीनं माझा पगार धरला. मेहुण्याला कुणी हात लावला नाय. लेकीची नर्सिंगची फी राहिली. ती कॉलेज सोडून कपड्याच्या दुकानात कामाला लागली. मी नुसती बघत राहिले.

शेवटी उस्मानपुऱ्यात फरहाना वकीलबाईंकडं गेले. पतपेढी मला धरू शकते का, विचारलं. धरू शकते, म्हणाल्या. कर्जदाराला सोडून थेट जामीनदाराला धरलं तरी कायदा आडवा येत नाय. मी उठायला लागले. त्यांनी बसवलं. "पण ताई, तुम्ही जे भरलं ते सरांकडून वसूल करायचा हक तुमचाय. मेहुण्याकडूनबी त्याचा हिस्सा मागता येतो. दावा लावा."

"सरांवर?"

"दाव्यात ते सर नसतात. कर्जदार असतात."

नोटीस गेली. प्राचार्यांनी बोलावलं. कॉलेजची अब्रू जाते, मिटवून टाका, म्हणाले. सर तिथंच बसले होते. तेच मला बोलले, "अहो, नोटीस मागं घ्या. बघू काहीतरी."

"नाय घेत," मी म्हणाले. "काय सांगायचं ते कोर्टात सांगा."

आवाज माझाच होता. लांबून आल्यासारखा.

दावा चालू हाय. नुसत्या तारखा पडतात. रजा संपल्या, आता बिनपगारी जाते. लेकीला सांगून ठेवलंय. मी मेले तर वारस म्हणून तिचं नाव लावायचं आन् दावा पुढं चालवायचा. मिटवायचा नाय.