खाली असन तो

फॉरमॅट काका एकच प्रश्न तीनदा विचारायचे, "आत काही हाये का?" मेडशीच्या एसटी थांब्याजवळ त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुसऱ्यांदा विचारल्यावर गिऱ्हाईक वैतागायचं, काही नाही, मारा फॉरमॅट म्हणायचं. तिसऱ्यांदा काका स्वतःच उघडून बघायचे आणि आत हमखास कुणाच्या तरी लग्नाचे फोटो निघायचे.

मी जवळच्याच किन्हीराजा गावची. बी.ए. झाल्यावर दोन वर्षं त्यांच्या दुकानात कामाला होते. विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह, म्हणजे आमच्या भाषेत 'बूटेबल', बनवायला मला त्यांनीच शिकवलं. तो बनताना आधी आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यांचं पालुपद, "पुसाच्या आंधी नाव वाच." स्क्रीनवर पेनड्राइव्हचं नाव येतं, ते वाचायचं. मला याचं हसू यायचं, कारण काकांनी चहाच्या कपांवरही नावाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या.

बोलणं मात्र ऐसपैस वऱ्हाडी. रिकामा कप, रिकामी खुर्ची, रिकामी एसटी, सगळ्याला त्यांचा एकच शब्द होता, 'खाली'.

एका दुपारी काका सामान आणायला कारंज्याला गेले होते. एक मास्तर लॅपटॉप घेऊन आले, त्यांना चारची एसटी धरायची होती. नेमका आमचा बूटेबल चालेना. काकांना फोन लावला तर म्हणाले, "खाली असन तो घे अन् बनव." रिकामे पेनड्राइव्ह वरच्या खणात असायचे. फोनवरचं 'खाली' ऐकून मी घाईत खालचा खण उघडला. तिथे एकच होता, निळा दोरा बांधलेला. तो लावला. स्क्रीनवर नाव आलं, 'बाबा'.

मी ते नाव वाचलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वाचलं, जरा थांबले, मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं आणि मी ओके दाबलं.

त्यात काकांच्या वडिलांचं बोलणं होतं. धम्मदीक्षेला इथून नागपूरला कसे गेले, वाटेत कुणी भाकरी दिली, कुणी पाणीही दिलं नाही, सगळं त्यांच्या आवाजात. म्हातारा काही महिन्यांपूर्वीच वारला होता. गावभराच्या कॉप्या करून ठेवणाऱ्या काकांनी ह्याची दुसरी कॉपी केली नव्हती. आठवडाभर ते पुसलेलं परत आणायला धडपडले. एक शब्द निघाला नाही.

"काका, तुमीच खाली म्हनले व्हते," मी म्हणाले. "मले वाटलं खालचा."

त्यांनी पेनड्राइव्ह काढून त्याचा निळा दोरा नीट गुंडाळला. मग म्हणाले, "हाव पोरी. माह्याच शब्द चुकला."

त्या दिवसापासून काकांनी 'खाली' म्हणणं सोडलं. साठी उलटलेला माणूस, अडखळत, आठवून आठवून 'रिकामा' म्हणायचा. मला दर वेळी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. खरं सांगायचं ठरवून मी दुकानाची पायरी चढायचे आणि झाडू हातात घ्यायचे.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तसं दुकान बंद करून ते मुलीकडे अकोल्याला निघाले. आम्ही चारपाच जण थांब्यावर पोचवायला गेलो. एसटी आली. काकांनी दारातून कंडक्टरला विचारलं, "जागा रिकामी हाये का?" सगळे हसले, मेडशीत असं कोण बोलतं!

काका माझ्याकडे बोट दाखवून कौतुकानं म्हणाले, "इनं शिकवलं मले. शब्द पाहून वापरा लागते."

मीही सगळ्यांबरोबर हसले आणि त्यांची पिशवी वर चढवून दिली.