मिठात बूट

माफ करा, लिहिण्याचा मला तसा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं लिहिणं तपासणारं घरात कोणी नाही. पण झालेला प्रकार मला अजून नीट कळलेला नाही. लिहून काढला तर कदाचित कळेल.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी एक ॲप केलं होतं. सानपाड्याच्या बाजूला एक छोटं संग्रहालय आहे. त्यात मिठागरांचं दालन; जमिनीवर खऱ्या मिठाचा वाफा, भोवती दोरी. त्यावर मोबाइल धरला की पडद्यावर एक कामगार उगवतो, मीठ ओढतो आणि माहिती सांगतो. संग्रहालयाच्या मॅडम ते पाहून शेरा देणार होत्या. शेरा बरा आला तर मी पास. नाहीतर वर्ष गेलं.

माझे बाबा मोरा बंदराकडच्या मिठागरात उभं आयुष्य राबलेले. पोराचं काम बघायचं म्हणून ते आणि आई सोबत आले. मी मोबाइल बाबांच्या हातात दिला.

"ह्यो कोन?"

"कामगार, बाबा."

"पायात बूट?"

मी पाहिलं. खरंच बूट होते. (माणूस इंटरनेटवर तयार मिळाला होता. मूळचा तो बांधकामावरचा असावा. त्याच्या पायांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.)

"बूट घालून मिठात? त्या मिठाचं कालवन लोकांनी खायाचं? सांग त्याला, काढ."

"त्याला ऐकू येत नाही."

"मंग कामावर ठेवला कोनी?"

"मी."

"अहो, नवीन असंल बिचारा," आई म्हणाली. "शिकवा त्याला."

बाबांनी मोबाइल मला परत दिला, चपला काढल्या, मिठाला हात लावून कपाळाला लावला, दोरी ओलांडली, तिथं मांडलेलं लांब दांड्याचं फळकूट उचललं आणि बूटवाल्याशेजारी मीठ ओढू लागले. नेमक्या तेव्हाच मॅडम आल्या. नजर हातातल्या टॅबवर; त्यात माझंच ॲप चालू.

"दोन कामगार? दुसरा फार छान जमलाय. घामसुद्धा दिसतो."

मी मोबाइल दोन्ही हातांनी धरला.

शेजारी एक लहान मुलगी आईच्या मोबाइलवर बोट आपटत होती. "हा दाबला तरी बोलत नाही."

"बोलतो ना," बाबा म्हणाले. "काय इचारायचं हाय?"

मुलीने दचकून मोबाइल मिठात टाकला. तो उचलायला माझी आई आत गेली.

"आणि ही कोण?" मॅडमनी टॅबमध्येच बघत विचारलं.

"आई," मी खरं तेच सांगितलं.

"वा. कुटुंबही दाखवलंस."

"बाई," टॅबमधून आई म्हणाली, "तुमी कवापासून उभ्याच हाव. बसा की."

मॅडमनी पहिल्यांदा मान वर केली. एकदा टॅबकडे, एकदा आईकडे, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइलमधल्या बुटांकडे पाहत राहिलो.

नंतर त्या खरंच बसल्या. बाबांनी त्यांना भरतीचं पाणी आगरात कसं घ्यायचं इथपासून सांगायला घेतलं. मुलगी, तिची आई, वॉचमन, सगळे ऐकत होते. मोबाइल कोणीच धरला नव्हता. मी पास की नापास, हे विचारायचं मात्र कोणाला, ते कळेना.

काल कळलं. मी पास आहे. संग्रहालयाने बाबांना दर रविवारी बोलावलंय. ॲप नको, असंही नम्रपणे कळवलंय. आणि शेऱ्याच्या कागदावर 'विद्यार्थ्याचे स्वतःचे योगदान' या रकान्यात मॅडमनी लिहिलंय: वडिलांना सोबत आणले.