अडीच वाजता कापलेली मुळं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तसं फार मोठं काही नाही — असं मी स्वतःला बरीच वर्षं बजावत आलो. कांद्याची मुळं ती. त्यांचं काय एवढं?

नव्वदच्या दशकात मी सुरतेत वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. वडील बँकेत, बदली होऊन आलेले. माझा प्रयोग साधा होता — गुळवेलीच्या अर्कानं कांद्याच्या मुळांतलं पेशीविभाजन मंदावतं का? काही कांदे पाण्यावर, काही अर्कावर ठेवायचे. मग मुळांची टोकं कापून रसायनात टाकायची. पेशी त्या क्षणी जशा असतील तशाच थांबतात. नंतर टोक रंगवायचं, काचेखाली अंगठ्यानं दाबायचं आणि सूक्ष्मदर्शकातून विभागणाऱ्या पेशी मोजायच्या.

एक पथ्य मात्र पाळायचं. दोन्हीकडची मुळं एकाच वेळी कापायची, सकाळी. सकाळी विभाजन जोरात असतं, दुपारी आपोआपच उतरतं.

त्या दिवशी पाण्यावरची मुळं मी नऊ वाजता कापली. तेवढ्यात मित्र आला, आम्ही लोचो खायला गेलो, गप्पा रंगल्या. अर्कावरची मुळं कापली तेव्हा अडीच वाजले होते. वहीत दोन्हींपुढे लिहिलं — सकाळी नऊ.

पेशी मी खऱ्याच मोजल्या. अर्काच्या बाजूला निम्म्याही भरल्या नाहीत! सर खूश झाले. परत करून बघतो, असं म्हणायला हवं होतं ना? पण ते माझी पाठ थोपटत होते — आणि मला ते आवडत होतं.

एवढंच असतं तर मी कदाचित विसरलोही असतो.

पुढच्या वर्षी मी तिथेच प्रात्यक्षिकं घ्यायला लागलो आणि सरांनी माझंच काम पुढे न्यायला रेखाला दिलं. रेखा लिंबायतची, तिथल्या खानदेशी कामगार वस्तीतली. वडील लूमवर, घरात कॉलेज पाहिलेली ती पहिलीच. ती दोन्हीकडची मुळं बरोबर नऊला कापायची. फरक येईना. तिनं पुन्हा केलं, पुन्हा नाही. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बेन, गणतां नथी आवडतुं?" मोजता येत नाही का, म्हणून. पोरं हसली. मीही हसलो — हो, मीही.

त्या दुपारी ती माझ्या टेबलाशी आली. हाताच्या बोटांना जांभळा रंग लागलेला.

"भाऊ, एक विचारू? मुळं किती वाजता कापेल होती तुम्ही?"

नेमका तोच प्रश्न. सरांना वर्षभरात सुचला नव्हता. तिला चूक सापडली होती, फक्त मी हो म्हणायचं बाकी होतं.

"नऊ," मी म्हणालो. "दोन्ही."

"मग माझंच काहीतरी चुकून राहिलं," ती म्हणाली आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली.

आठवड्याभरानं तिचे आकडे आले. अगदी माझ्यासारखे. सरांनी प्रबंधावर सही केली. रेखा मला वही दाखवायला आली तेव्हा नेहमीसारखं काही समजावून सांगितलं नाही तिनं. पान उघडून धरलं आणि खाली बघत राहिली. आधीच्या पानांवर खाडाखोड असायची. हे पान स्वच्छ होतं. ते आकडे कुठून आले, हे मला त्याच क्षणी कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

मी म्हणालो, "छान."

सरांनी तिला पीएच.डी.साठी थांब म्हटलं, ती थांबली नाही. कामरेजकडच्या एका शाळेत लागली, एवढं कानावर आलं. त्यानंतर भेट नाही.

मी अजून शिकवतो. दोन्हीकडची मुळं एकाच वेळी कापा, असं दर वर्षी सांगतो. का, असं कुणी विचारलं तर विभाजनाचं कारण देतो.

रेखाला मोजता येत होतं. तिनं मला वेळ विचारली, आणि मी नऊ सांगितली. अडीच वाजले होते.