दोन कानांचा कप

माझी आई कॅन्टोन्मेंटमधल्या एका म्हाताऱ्या फ्रेंच बाईंचे कपडे शिवायची. आमच्या लहानपणी त्या बाई बेंगळूर सोडून कायमच्या मायदेशी निघाल्या, तेव्हा सामान बांधता बांधता त्यांनी आईला एक कप दिला. वीतभर उंच, ब्राँझचा, वर सोन्याचा मुलामा आणि दोन्ही बाजूंना वळणदार कान. पोटावर निळ्या मिनाकामात एक बाई रंगवलेली. तिच्या अंगावर फुलांच्या माळेखेरीज काही नव्हतं.

"फार जुना आहे. चिंच लावून घासू नका," एवढं त्यांनी बजावलं. त्यात काय प्यायचं ते सांगितलं नाही. आईनं कप पुढच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला आणि रंगवलेली बाई भिंतीकडे वळवली.

पुढे काही वर्षांनी अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीला, बघायला येलहंक्याहून मंडळी आली. मुलगा विमानांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. तो गप्प बसला होता. बोलायचं काम त्याच्या वडिलांकडे होतं. हात धुऊन परत येताना त्यांना कप दिसला.

"हा कप कुणी जिंकला?"

आमचे वडील, अण्णा, शाळेत गणित शिकवायचे. ते खोटं बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. पण कपावरची ती बाई आमच्या घरी कशी आली, हे पाहुण्यांना समजावणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"थोरलीनं," ते म्हणाले.

"कशात?"

"बॅडमिंटनमध्ये."

अक्का कॉफी घेऊन दारात उभी होती. तिनं जन्मात रॅकेट धरली नव्हती.

मुलाच्या वडिलांचा चेहरा उजळला. त्यांनी घराच्या आवारात स्वतः बॉल बॅडमिंटनचं, म्हणजे फुलाऐवजी लोकरीच्या चेंडूनं खेळायच्या बॅडमिंटनचं, कोर्ट आखलं होतं. "सरी, ठरलं तर! रविवारी सगळे आमच्याकडे या. स्वल्प खेळू या."

मंडळी गेल्यावर आई म्हणाली, "खरं सांगून टाका."

"आता कुठल्या तोंडानं सांगू?" अण्णा म्हणाले.

अक्कानं शेजारून रॅकेट मागून आणली आणि रविवारपर्यंत परसातल्या भिंतीवर पिवळा लोकरीचा चेंडू मारत राहिली. तो बहुतेक वेळा गटारात जायचा.

रविवारी येलहंक्याला ती पदर खोचून कोर्टवर उभी राहिली. मुलाच्या वडिलांनी अगदी अलगद चेंडू टाकला. हुकला. पुन्हा टाकला, पुन्हा हुकला.

"वारा आहे," ते म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं.

अक्का जाळीपाशी गेली. "मी काही जिंकलेलं नाही. तो कप आईला भेट मिळालाय. त्याच्यावर एक उघडी बाई आहे, म्हणून अण्णांना अवघडल्यासारखं झालं."

अण्णा बाकावर बसून स्वतःच्या चपलांकडे बघू लागले.

"बाई मी त्याच दिवशी कपामागे डोकावून पाहिली होती," मुलाचे वडील म्हणाले. "म्हटलं, असला कप कुठला क्लब देतो?"

"मग बोलावलंत कशाला?"

"मला खेळायला कुणी नाही. हा माझा मुलगा. चेंडू आला की बाजूला होतो."

मुलगा त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. "लागतो तो," तो म्हणाला.

अक्काला हसू आवरेना. पदरानं डोळे पुसून ती पुन्हा हसायला लागली. घरी परतताना आईनं काय विचार आहे म्हणून विचारलं, तर म्हणाली, "चालेल मला."

घरी आल्यावर आईनं कपावरची बाई खोलीकडे वळवली. विचारू दे ज्याला विचारायचंय त्याला, म्हणाली. नंतर कुणीच काही विचारलं नाही.

लग्न झालं. सासरे अक्काला रोज संध्याकाळी शिकवू लागले, आणि दोनेक वर्षांत ती त्यांना हरवू लागली. हरले की ते उन्हाला नावं ठेवायचे. आमचे भावजी पायरीवर बसून गुण मोजायचे. वडील फारच मागे पडले, तर त्यांच्या खात्यात एखादा गुण जास्त धरायचे. अक्काला ते दिसायचं. ती गुपचूप पुढचा चेंडू टाकायची.