वहिनीचा राजीनामा

राजीनामा देणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण बावीस वर्षं राजीनामा पर्समध्ये घेऊन रोज वेळेआधी पाच मिनिटं कामावर हजर होणारी बाई मी एकच पाहिली, आणि ती आमच्याच घरात होती. माझ्या थोरल्या भावाची बायको. तो राजीनामा इंग्रजीत होता आणि तो मी लिहिला होता. आमच्या घराण्यात माझ्याआधी सगळे अंगठेबहाद्दर, बी.ए. झालेला मी पहिला. त्या पदवीचा पहिला उपयोग हा असा झाला, हे मी लपवीत नाही.

आमचं गाव कर्जत-खालापूरच्या मधलं, भाताचं. वहिनी मात्र खोपोलीची. बाप कारखान्यात, त्यामुळे पोरगी मॅट्रिकपर्यंत गेली, आणि आमच्या बाजारपेठेत टेलिफोन एक्स्चेंज निघालं तेव्हा तिला ऑपरेटरची नोकरी लागली. एक खोली, एक लाकडी बोर्ड, पन्नासेक फोन आणि वहिनी. कुणी फोनचं हँडल फिरवलं की बोर्डावर त्याची झडप पडायची आणि वहिनी दोरीचा प्लग खोचून ज्याला त्याला जोडून द्यायची. नंबर सांगायची पद्धत गावात कधी रुजलीच नाही. लोक नुसते "डॉक्टर द्या" म्हणत, आणि वहिनी सांगे, "डॉक्टर लोधिवलीला गेले आहेत, बाराच्या सुमारास येतील. तोवर मुलाला पेज द्या." पोरगं आजारी आहे हे तिला कुणी सांगितलेलं नसे, बापाच्या आवाजावरून ती ओळखायची. घरात 'हाय-नाय' बोलणारी ही बाई बोर्डासमोर बसली की असं शुद्ध बोलायची की तलाठीसुद्धा फोनवर खुर्चीत सावरून बसायचा. एकदा चुलीपाशी भाकरी थापता थापता आईनं मागून हाक मारली, तर वहिनी म्हणाली, "कृपया थांबा." आई दोन दिवस रुसून होती.

मग छबू झाली. रजा संपत आली तशी घरात बोलणी सुरू झाली. भाऊ पाळीवर जाणारा, बोलण्यात काटकसरी. तो म्हणाला, "तुझं तू बघ," आणि कूस बदलून झोपला. आई मात्र बघू देईना. "अगं, तान्हं पोर टाकून कोन जातं? आमीबी कामाला जायचो, पन बांधावर झोळी असायची. पोर डोळ्यासमोर असायचं."

त्या दिवशी दुपारी वहिनी छबूला उराशी घेऊन माझ्यापाशी आली. "भावजी, राजीनामा लिव्हा. विंग्रजीत." डोळे सुजलेले होते. मी कोरा कागद काढला, शाईचं पेन भरलं आणि कॉलेजात शिकलेलं सगळं त्या अर्जात ओतलं. मग तिला मराठीत अर्थ सांगितला.

"घरगुती अडचणीमुळं?" ती म्हणाली. "अडचण कोन? ही?" आणि छबूकडे असं पाहिलं की मी कागद फाडला. दुसऱ्यात लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'. "मला काय धाड भरलीय?" तिसऱ्यात, 'टाळता न येणाऱ्या परिस्थितीमुळे'. "पन भावजी, मला बोर्डावर बसायला आवडतं. झडप पडली की वाटतं, कुनीतरी आपलीच वाट बघतंय. हे कुठं लिव्हलंय?" मी म्हणालो, "वहिनी, ते राजीनाम्यात लिहीत नाहीत." "मग ते खोटंच की," ती म्हणाली आणि उठून गेली.

असे दहा मसुदे झाले आणि रजा संपली. खरं लिहिलेला राजीनामा तयार नाही, एवढ्याच कारणावरून वहिनी कामावर गेली.

त्यानंतर तिनं जे केलं ते आजही कुणाला सांगितलं की लोक हसतात. मी मात्र हात जोडतो. आई भाताच्या गिरणीवर पाखडायला जायची. गिरणीत फोन होता. गिरणीवाल्या शेठचे कान गिरणीच्या आवाजानं कधीच गेलेले, त्यामुळे फोन म्हणजे त्यांना नुसती अडगळच. वहिनी शेठना जाऊन भेटली. दुसऱ्या दिवसापासून गिरणीच्या पडवीत छबूची झोळी बांधली गेली, खिडकीतून फोन तिच्याशेजारी आला, रिसीव्हर काढून उताणा ठेवला गेला, आणि बोर्डावर गिरणीची दोरी सकाळी जी खोचली जाई ती कामाची वेळ संपल्यावरच निघे. मधूनमधून एक कळ दाबून वहिनी त्या लाइनवर कान देई. छबूला गिरणीच्या धडधडीतच झोप यायची. धडधड ऐकू आली की पोर झोपलंय. वीज गेली, गिरणी थांबली, की पोर उठलं. बाकी सगळ्या तालुक्याला वाटायचं, शेठचा धंदा काय चाललाय, फोन कायम एंगेज!

आई हे सगळं पाहून म्हणाली, "हे काय सोंग गं?" वहिनी म्हणाली, "तुमचं पोर डोळ्यासमोर होतं आत्याबाई, माझं कानासमोर हाय." आई गप्प झाली. आमच्या आईला गप्प करणं ही ऐतिहासिक गोष्ट होती, पण तिची नोंद कुठंच नाही, म्हणून इथं करतो.

दुपारच्या सुट्टीत पदर खोचून वहिनी बाजारपेठेतून धावत गिरणीवर जायची, पोरीला पाजायची आणि धावत परत यायची. तिच्या जाण्यावर लोक घड्याळं लावत. तरी सगळं कानानं मिळत नाही. छबू पहिलं पाऊल टाकती झाली तेव्हा वहिनीनं लाइनवर आईची आरोळी ऐकली, "चालली रं, चालली!" त्याच वेळी बोर्डावर तीन झडपा पडलेल्या. तिनं तिन्ही जोडून दिल्या. घरी आल्यावर एकच विचारलं, "कोनता पाय आधी टाकला?" आईला आठवेना. वहिनी गिरणीवर जाऊन हमालांपासून शेठपर्यंत सगळ्यांना विचारून आली. कोणता पाय ते कुणीच पाहिलं नव्हतं. त्या रात्री ती मला म्हणाली, "भावजी, लिव्हा आता. काहीबी कारन लिव्हा."

तो अकरावा मसुदा. मी त्यात कारणच घातलं नाही. पानभर इंग्रजीत एवढंच लिहिलं की मी ही नोकरी सोडते आहे, आणि ती मला फार प्रिय होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर (मी तेव्हा हायस्कुलात शिकवत होतो) मी तो द्यायला एक्स्चेंजमध्ये गेलो, तर तपासणीचे साहेब आलेले. वहिनीनं कागद न वाचता पर्समध्ये टाकला. साहेब मागं उभे, बोर्डावर झडपांचा पाऊस. तेवढ्यात वहिनीनं गिरणीची कळ दाबली आणि तिचा चेहरा उतरला. "साहेब," ती म्हणाली, "गिरनी चालू हाय, पन छबू उठलीय. आनि रडत नाय. घुसमटतेय." बोर्डासमोर असूनही भाषा घरची झाली होती.

मला वाटलं, आता ही बोर्ड सोडून पळणार. ती उठलीसुद्धा नाही. उजव्या हातानं तिनं डॉक्टरांची दोरी खोचली. "डॉक्टर, गिरणीवर छबूला बघा, श्वास अडकतोय." डाव्या हातानं पुढचा प्लग. "खोपोली? जोडते." "कळंब? थांबा जरा." डोळ्यांतलं पाणी बोर्डावर टपटप पडत होतं आणि ती ते पदरानं पुसून पुन्हा प्लग खोचत होती. मी गिरणीकडे धावायचं सोडून दगडासारखा उभा. साहेबांनी शिकाऊ माणसासाठी ठेवलेलं दुसरं यंत्र कानाला लावलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग साहेबांनी ते यंत्र एकदम कानापासून लांब धरलं, आणि मला चार हातांवरून छबूचं भोकाड ऐकू आलं. तिच्या नाकात भाताचा दाणा गेला होता. डॉक्टरांनी चिमट्यानं काढला.

"ही लाइन किती दिवस अशी उघडी आहे?" साहेबांनी विचारलं. "रजा संपल्यापासून," वहिनी म्हणाली आणि पर्समधून राजीनामा काढून दिला. साहेबांनी तो दोनदा वाचला. "इंग्रजी कुणाचं?" मी छाती पुढं काढली. "लांबलंय," ते म्हणाले. मग कागद वहिनीला परत दिला. "बाई, यावर तारीख नाही. अर्धवट कागद मी घेत नाही. घालायची तेव्हा तारीख घाला आणि पाठवा." आणि दारात वळून म्हणाले, "झोळी धान्यापासून लांब बांधा."

ती तारीख वहिनीनं कधी घातलीच नाही.

मागच्या वर्षी छबू माहेरी आली होती. पनवेलला कचेरीत काम करते, मुलगा सहा महिन्यांचा, रजा संपत आलेली. माझ्यापुढं कागद ठेवून म्हणाली, "काका, एक अर्ज लिहून द्या ना," आणि रडू लागली. मी पेन काढलं. आता माझं इंग्रजी पुष्कळ सुधारलं आहे. पण वहिनी उठली, ट्रंकेतून जुनी पर्स काढली आणि घड्यांवर फाटत आलेला तो कागद पोरीच्या हातात दिला. "हा घे. जवळ असला ना, की द्यायची घाई होत नाय."

गावात आता आपोआप लागणारे फोन आलेत, वहिनी घरीच असते. इतकी वर्षं यंत्र लावून तिचा डावा कान मंद झालाय, म्हणून नातवाच्या झोळीशी ती उजवा कान करून बसली, डोळे मिटून.

"जा तू कामाला," ती छबूला म्हणाली. "ह्याला ठेव माझ्यापाशी." मग डोळे उघडले आणि झोळीत टक लावून पाहत राहिली. "कोनता पाय आधी टाकतो, ते मी बघून ठेवीन. तू आलीस की सांगेन."