बनुबाईची करडी पट्टी

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. पहाटे गारवा, दुपारी चटका. सकाळी बिभीषण डेअरीचे शहाण्णव फॉर्म देऊन गेला. शुक्रवारी दुपारी एकला सभा, त्याआधी तक्ता हवा. शौनकचा पुण्याहून फोन, सर्व ठीक. दुपारी फॉर्म लॅपटॉपवर चढवले, एकही गहाळ नाही. चारला बनुबाई आली आणि काम दुप्पट करून गेली.

बनुबाईने काम कसं दुप्पट केलं, ते वहीत एवढ्याच शब्दांत आहे. खरी हकिकत जरा मोठी आहे.

नीलांबरीबाई जोर्वेकरांचं वय चौऱ्याहत्तर. संगमनेरपासून नऊ किलोमीटरवरच्या गावात त्यांनी एकोणतीस वर्षं गणित शिकवलं. स्वतः नगरच्या कॉन्व्हेंटात शिकलेल्या. तिथल्या सिस्टरांनी लावलेली रोजनिशीची सवय लग्नानंतर सुटली नाही, आणि नऊ वर्षांपूर्वी मार्तंडराव गेले त्या दिवशीही सुटली नाही. मुलाने, शौनकने, आपला जुना लॅपटॉप त्यांना दिला. बाईंनी बावन्न वर्षांच्या वह्यांतला पाऊस त्यात चढवला आणि त्याचे आलेख काढले. तेव्हापासून गावात कुणाला काही मोजून, मांडून दाखवायचं असलं की तो बाईंच्या ओसरीवर येऊ लागला.

दूध संस्थेचा सचिव बिभीषण हा त्यांचाच विद्यार्थी, आता पन्नाशीला टेकलेला. शीतकेंद्राचा टँकर यापुढे लवकर येणार होता, म्हणून संध्याकाळचं दूध सहाऐवजी साडेचारला घ्यायचा संस्थेचा विचार होता. सभासदांना फॉर्म वाटले होते. प्रश्न एकच, उत्तरं पाच: अजिबात नको, नको, काहीही चालेल, चालेल, फार बरं.

"बाई, एक रंगीत पट्टी काढून द्या. सभेत भिंतीवर दाखवतो, लगेच ठराव," तो म्हणाला.

"साधी पट्टी नको," बाई म्हणाल्या. "मधे शून्याची उभी रेघ घेऊ. नको म्हणणारे डावीकडे, चालेल म्हणणारे उजवीकडे. काट्यावर तोलल्यासारखं दिसेल."

दुपारभर त्यांनी तेच केलं. डावीकडची पट्टी डावीकडे जावी म्हणून नकारांच्या टक्केवारीला उणे चिन्ह दिलं. पहिल्या खेपेला 'अजिबात नको' रेघेला चिकटून बसलं आणि 'नको' बाहेर लटकलं. रेघेपासून बाहेर जावं तसा विरोध कडक व्हायला हवा. मग स्तंभांचा क्रम बदलला, तेव्हा पट्टी शहाण्यासारखी बसली. 'काहीही चालेल' म्हणणाऱ्यांचे दोन सारखे भाग करून अर्धे रेघेच्या या अंगाला ठेवले, अर्धे त्या. तक्ता तयार झाला. पट्टी निम्म्याहून जास्त उजवीकडे गेली होती. डावीकडे तिचं जेमतेम एक टोक.

चारला बनुबाई आली. ती छगनची बायको. घरी दोन जर्शी गाई, आणि दिवसभर दुसऱ्याच्या रानात मजुरी. त्या दिवशी कांद्याचं काम लवकर आटपलं होतं. बाईंनी तिला कौतुकाने पडदा दाखवला.

बनुबाईने पदर तोंडाला लावला. हसू आवरेना.

"काय झालं गं?"

"बाई, ही पट्टी धार काढती व्हय?"

"म्हणजे?"

"म्हंजी फारम भरलं कुनी? डेअरीचं पुस्तक ज्याच्या नावावर, त्यानं. आन् गाईखाली बसतं कोन? साडेचारला दूध घालायचं तर साडेतीनला गोठ्यात पायजे. मी साडेचारपातूर रानात. दोनी गाया इकाव्या लागतील मला. पन आमाला इचारलं कुनी?"

बाईंनी फॉर्मांचा गठ्ठा पुन्हा पुढे ओढला. नावं त्यांनी वाचली होती, अक्षर पाहिलं नव्हतं. आता पाहिलं, आणि गावातलं प्रत्येक अक्षर त्यांनीच वळवलेलं. शहाण्णव फॉर्म अकरा हातांनी भरलेले होते. बरेचसे तर संस्थेच्या ओट्यावर चहा पिता पिता एकाच्याच हातून. त्यात बाईमाणसाचा हात एकही नव्हता.

त्यांना स्वतःचाच राग आला. एकोणतीस वर्षं पोरांना सांगितलं, की बेरजेआधी आकडे कुठून आले ते बघा.

"उद्या माझ्याबरोबर चल," त्या म्हणाल्या. "प्रत्येक घरी जाऊ. जी धार काढते तिलाच विचारू. आणि सुरुवात तुझ्यापासून. बोल, कुठली खूण करू?"

इतका वेळ फडाफडा बोलणारी बनुबाई पाऊलभर मागे सरकली. कागदावर टेकलेल्या पेनाकडे तिने पाहिलं.

"आमच्या धन्यांनी काय लिवलंय?"

"फार बरं."

"मग माझं ऱ्हाऊ द्या आत्ता. घरी इचारून सांगते."

बाईंनी कागदाच्या तळाशी सहावं घर आखलं: विचारून सांगते. त्यात पहिली रेघ बनुबाईची.

गुरुवारी सकाळी सातपासून दोघी फिरल्या. मळ्यातली वस्ती, वेशीबाहेरची वस्ती, गावठाण. बनुबाई मजुरीचा रोज बुडवून आली होती. दारात जाऊन हाक मारायची ती, विचारायच्या बाई.

"सासूबाईंना विचारू नका, तुमच्या हाताला विचारा," असं बाईंनी एका सुनेला सांगितलं, तेव्हा आतून सासूच म्हणाली, "तिला काय इचारता, मीच काढते धार! लिवा, अजिबात नको!"

नऊ घरं बंद होती किंवा तिथे पुरुषच धार काढत होते. उरलेल्या सत्याऐंशी घरांतून उत्तरं आली. एक्केचाळीस अजिबात नको, एकोणीस नको, आठ काहीही चालेल, सहा चालेल, दोन फार बरं. सहाव्या घरात अकरा.

शुक्रवारी सकाळी बिभीषण तक्ता पाहायला आला आणि खुर्चीत बसूनच राहिला. आता दोन पट्ट्या होत्या, एकाखाली एक. वरची 'पुस्तक ज्यांच्या नावावर', ती उजवीकडे. खालची 'धार काढणाऱ्या', ती रेघ ओलांडून डावीकडे लांबच लांब.

"बाई, उणे सत्तेचाळीस टक्के बायका?" त्याने आकड्यांवर बोट ठेवलं. "बायका उणे कशा असतील?"

"नसतातच. ते चिन्ह पट्टीला दिशा देण्यापुरतं आहे." बाईंनी आकड्यांच्या मांडणीत जाऊन शून्य, अर्धविराम, शून्य असं लिहिलं. उणे चिन्हं पडद्यावरून गेली, पट्टी जागची हलली नाही.

"आन् ह्या 'काहीही चालेल'च्या आठ. चार इकडं, चार तिकडं. कुनाला कुठं बसवलं?"

"नावानं नाही बसवलं, वाण्यानं काट्याचं तोंड मधे धरावं तसं. पट्टी कुणाच्या बाजूला फुकट कलायला नको."

बिभीषण हसला, मग हळूच मुद्द्यावर आला. "मग ह्या अकरा 'विचारून सांगते'वाल्या पन मधीच टाका की. त्यांची काय हरकत दिसत न्हाई."

"नाही."

"का पन?"

"वर्गात उत्तर न देता कुणी गप्प बसला तर मी त्याला निम्मे गुण देत होते का रे?"

"मला तर भोपळाच द्यायचात."

"भोपळाही नाही देणार. यांचं उत्तर अजून यायचं आहे." त्यांनी त्या अकराजणींना शून्याच्या रेघेपासून दूर, उजव्या कोपऱ्यात वेगळी आखूड पट्टी दिली. रंग करडा.

एकला संस्थेच्या हॉलमध्ये खिडक्या लावल्या आणि प्रोजेक्टरने भिंतीवर तक्ता उमटला. पुढे पुरुष, मागे सतरंजीवर जेवणाच्या सुट्टीत आलेल्या बायका. काहींच्या हाताला अजून रानातली माती. बाईंनी चार वाक्यांत सांगितलं: मधली रेघ म्हणजे काय, डावी बाजू कुणाची, उजवी कुणाची. शाळा सोडलेल्यांनाही कळलं. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली.

पुढून छगन म्हणाला, "बाईंनी केलं ते बराबर असंल. पन ती कोपऱ्यातली करडी कोन?"

"ज्यांनी सांगितलं, घरी विचारून सांगते," बाई म्हणाल्या. "अकराजणी आहेत."

"मग इचारलं का त्यांनी?" कुणीतरी खोडी काढली, आणि पुढची रांग हसली.

मागे सतरंजीवर बनुबाई उभी राहिली. तिच्या डोक्यावरचा पदर घसरला होता, तो तिने नीट केला.

"न्हाई इचारलं," ती म्हणाली. "दोन रात्री जेवाय वाढताना तोंडाशी आलं आन् गिळलं. आता हितंच इचारते. धनी, साडेतीनला धार तुमी काढनार का?"

छगनने मान वळवली. शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. "सांग ना मर्दा!"

"मला कुठं जमतंय," छगन पुटपुटला. "मला तर गाय लाथच मारती."

हॉल हसून मोकळा झाला. छगनही हसला, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "आगं, घरी बोलली असतीस तर..."

"फारम भरताना तुमी घरी बोलला व्हता का?" मग ती बाईंकडे वळली. "बाई, त्या करड्यातली माझी एक उचला. डावीकडं टाका. पार कडंला."

बाईंनी अकराचे दहा केले, एक्केचाळीसचे बेचाळीस. टक्केवारी सूत्रावर होती. भिंतीवरची डावी पट्टी सगळ्यांदेखत बोटभर पुढे सरकली.

सतरंजीवरच्या माना उंचावल्या.

"माझी बी," मागून एक आवाज आला. "माझी 'नको'त टाका," दुसरा. एकीने मात्र स्पष्ट सांगितलं, "माझी 'चालेल'मधी. मी घरीच असते." बाईंनी तीही तितक्याच मनापासून उजवीकडे टाकली. करडी पट्टी आखडत गेली. शेवटी तिच्यात तीनच उरल्या, आणि त्या तिघी सभेला आलेल्याच नव्हत्या.

संस्थेच्या चेअरमननी चष्मा काढून पुसला. "बिभीषण, ठराव लिही. वेळ सहाच. टँकरवाल्याला मी सांगतो, आपलं गाव शेवटी घे म्हणून. न्हाई ऐकलं तर पुन्हा बसू. पन फॉर्म आता पुस्तकाबरहुकूम न्हाई वाटायचे."

"मग कसे?" बिभीषणने विचारलं.

"बाईंना इचारून सांगतो," चेअरमन म्हणाले. मागची सतरंजी खदखदून हसली.

बनुबाई हसायला थांबली नाही. अर्ध्या दिवसाचं काम बाकी होतं. दारात चपला शोधताना छगन तिच्यामागे आला आणि म्हणाला, "संध्याकाळी वैरण मी टाकतो." तिने मान हलवली आणि रानाची वाट धरली.

नीलांबरीबाई लॅपटॉप पिशवीत घालून पायीच घरी आल्या. दिवेलागणीला वही उघडून त्यांनी सभेची वेळ, हजेरी, करडीतून हललेल्या आठजणींची नावं, ठरावाचे शब्द असं सगळं लिहिलं. मग खाली एक ओळ:

रात्री ज्वारीची भाकरी आणि मेथी. मोहरी संपली, उद्या पाव किलो आणायची.